रिकाम्या जागा भरा

मंगळवारी सात वाजता, ग्रिम्सबीच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर.
हीटरची ऊब फक्त खिडकीजवळच्यांना.
माझ्या बोटांना कॉडचा वास;
दोनदा साबण लावला, लिंबू चोळलं.
कुणी नाक मुरडत नाही,
सगळेच त्या कारखान्यातले, नाहीतर शेजारच्या.

मिसेस ब्रॉकल्सबी कागद वाटतात.
रिकाम्या जागा भरा: अ, अ‍ॅन, द,
किंवा काहीच नाही.
काहीच नसेल तिथे फुली मारायची,
कोरं सोडलेलं चालत नाही.
कोरं म्हणजे तुम्ही विसरलात.
फुली म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे
की इथे कुणी नाही.

आमच्या लिथुआनियनमध्ये ही चिल्लर नाही.
मासा म्हणजे मासा. कुठला,
ते बोलणाऱ्याच्या डोळ्यांवरून कळतं.
फार तर विशेषणाला एक शेपूट जोडतो,
पांढरा, आणि तो ठरलेला पांढरा,
पण ते सणावाराच्या कपड्यासारखं,
रोज कोण घालतंय.

अकरा वर्षं मी पट्ट्याशी उभी आहे.
एका शिफ्टमध्ये अ फिश, अ फिश, अ फिश,
एकाचाही द होत नाही.
एकदाच झाला होता:
ज्याच्या घशात दुसऱ्या माशाचं शेपूट अडकलेलं,
त्याच्याविषयी मी रात्री आईला फोनवर सांगितलं.

दारात पहिल्यांदा आला तो अ मॅन,
मिसेस ब्रॉकल्सबी सांगतात,
दुसऱ्यांदा आला की द मॅन.
आणि तिसऱ्यांदा? हालिना विचारते,
आणि स्वतःच सांगते, माय हजबंड. तिथे द नको.
आम्ही हसतो.
तिचा नवरा खार्किव्हमध्येच आहे,
म्हणून थोडं जास्तच हसतो.

मग बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली.
ही वेंट टु सी.
ही वेंट टु द सी.
फरक सांगा.
कुणालाच येईना. दुसऱ्यात एक पाचर जास्त, एवढंच दिसत होतं.

पहिला खलाशी झाला, बाई म्हणाल्या.
दुसरा नुसता किनाऱ्यावर गेला,
पाय भिजवायला, आइस्क्रीम खायला.
माझे वडील टु सी गेले,
आइसलंडकडे, ट्रॉलरवर, एकोणीसशे अडुसष्टात.
त्यानंतर आई रोज संध्याकाळी
टु द सी जायची.
हे त्या पेनाचं टोपण लावत बोलल्या,
उदाहरण द्यावं तशा.

तेस्फालेमने हात वर केला.
तो कधीच हात वर करत नाही.
माझा भाऊ, तो म्हणाला,
लिबियाहून समुद्रात गेला.
कामाला नाही. आइस्क्रीमला नाही.
त्याचं कुठलं?

हीटर टकटकत होता.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.
पुस्तकात त्या वाक्याला जागा नव्हती.
त्या म्हणाल्या, मला माहीत नाही.
शिक्षकाच्या तोंडून मी हे पहिल्यांदाच ऐकलं.

बातमीत अ बोट होतं, तेस्फालेम म्हणाला.
अ बोट सँक. एवढीच ओळ.
आणि जीभ दातांमध्ये धरून,
सहा महिने आम्हाला जमत नव्हता
तो उच्चार त्याने नीट केला:
नॉट अ बोट. द बोट.

बरोबर आलं की बाई नेहमी व्हेरी गुड म्हणतात.
आज त्या खुर्चीवर बसल्या,
आणि बराच वेळ कुणी कोट घातला नाही.

शेवटच्या बसमध्ये मी कागद उघडला.
सगळं भरलं होतं, चौदावा प्रश्न सोडून.
आय वाँट टु गो, टिंब टिंब टिंब, होम.
उत्तर मला येतं. फुली.
पेन काढलं होतं, तेवढ्यात बस वळली,
कारखान्याचे पिवळे दिवे, बर्फाची गाडी, कुंपण.
राहू दे.
पहाटे पाचची शिफ्ट आहे,
मंगळवारपर्यंत
ते कोरंच असू दे.